आटपाडीच्या दोन राजधान्या

गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४, आटपाडी

थोरलीला राजधानी बघायची होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, राष्ट्रीय संग्रहालय अशी यादीच तिनं वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवलेली. डाळिंबाचा हिशेब लागला आणि दिल्ली बारगळली. तेव्हा हे म्हणाले, "राजधानीच बघायची ना? मग आपल्याला एक सोडून दोन हायत." सातवीतल्या मुलीला ही बापाची चिक्कूगिरी वाटली. थोडी ती होतीही, पण म्हणणं खोटं नव्हतं. १९४८ च्या मार्चपर्यंत आटपाडीची राजधानी औंध होती. इकडे चार गावं, तिकडे चार गावं असं विखुरलेलं बहात्तर गावांचं ते संस्थान, आणि आटपाडी त्यातला एक तालुका. औंधचे पंतप्रतिनिधी ज्यांचे प्रतिनिधी, त्या छत्रपतींची गादी साताऱ्याला. मग काय, आधी औंध, नंतर सातारा. दिल्ली वहीत राहू दे.

प्रवास एस.टी.नं. त्यातली सोय सांगते, कारण घरच्या सहलीत हिशेब आधी येतो. बायकांना अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांना अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. म्हणजे मी आणि थोरली अर्ध्यात, दुसरीतला धाकटा अर्ध्यात, शहात्तराव्या वर्षातल्या सासूबाई फुकट. त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो. अख्ख्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच, हे. आत्यांचं आधारकार्ड मात्र पिशवीच्या तळाशी ठेवू नका, कंडक्टर पुढ्यात आल्यावर शेंगदाण्याच्या चटणीखालून ते काढावं लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज, पोरांना स्वतंत्रपूर दाखवून आणलं. परगावच्या माणसाला ताजमहाल ठाऊक असतो, पण स्वतःच्या वेशीबाहेरची ही वसाहत आमच्याच पोरांना ठाऊक नव्हती. १९३९ साली औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या साथीनं इथं खुलं कारागृह सुरू केलं. शिक्षा झालेली माणसं इथं भिंतीशिवाय राहून शेती करतात, बायकापोरांसह. शेजारच्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली, तिच्यावर व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला, १९५७ साली. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. धाकटा म्हणाला, "हितं तर काहीच न्हाय." भिंत नाही, हेच बघायचं होतं, पण सात वर्षांच्या पोराला नसलेली भिंत कशी दाखवणार?

परत येताना प्रचाराची गाडी आडवी आली. वीस तारखेला मतदान आहे. कर्ण्याच्या आवाजात ह्यांनी पोरीला सांगितलं की औंधच्या राजांनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्येच कारभार लोकांच्या पंचायतींवर सोपवला होता. तिनं विचारलं, "तेव्हा पण एवढे भोंगे होते?"

शुक्रवार, ८ नोव्हेंबर, औंध

पहाटेची गाडी, वडूजला बदल, आणि औंधात उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं. इथंच आमचा पहिला वाद झाला. यमाई डोंगराच्या माथ्यावर, आणि म्युझियम त्याच डोंगराच्या वाटेवर. माझं म्हणणं, पोरं ताजी आहेत तोवर आधी म्युझियम बघावं. आत्या म्हणाल्या, "आधी देवी. घरधनीण वर बसलीया आणि तू खाली तिची माडी बघत फिरणार?" आत्यांचंच झालं. पायऱ्या, तटबंदी, काळ्या पाषाणातली ती भव्य मूर्ती, सगळं झालं. आणि उतरून म्युझियमच्या दारात येईपर्यंत धाकट्याची बॅटरी उतरलेली. ज्यांच्या घरात आत्यांसारखं कुणी नाही, त्यांनी खुशाल उलटं करावं. ज्यांच्या घरात आहे, त्यांनी वर जाताना रिक्षा करावी.

दारातच अर्धा तास बसलो. दशम्या, चटणी, प्रत्येकी एक डाळिंब. खाऊन, पाणी पिऊन, मोरीला जाऊन मगच आत शिरायचं. उपाशी पोटी कला बघायला लावली की पोरं जन्मभर कलेवर राग धरतात.

श्रीभवानी संग्रहालय १९३८ चं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे भवानराव, स्वतः चित्रकार होते. त्यांचं सचित्र 'चित्ररामायण' १९१६ सालचं. त्यांनी चित्रकारांचा जथा घेऊन अजिंठा गाठलं, तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, अजिंठ्यावर पुस्तकही लिहिलं. दुसरे संस्थानिक शिकारीचे वाघ भिंतीवर टांगत होते तेव्हा ह्या लहानशा, पावसाला मुकलेल्या संस्थानाच्या राजानं राजा रविवर्मा, धुरंधर, पहाडी लघुचित्रं, बंगालच्या चित्रकारांची कामं, चंदनाची आणि हस्तिदंताची कोरीव कामं असं सगळं जमवलं. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. त्या मला फारशा भावल्या नाहीत. पण ज्या मुलांना मूळ चित्र बघायला कधी मिळणार नव्हतं त्यांच्यासाठी त्या करून घेतल्या असतील, असं मनात आलं आणि मी गप्प बसले.

दालनामागून दालन आहे. सगळं बघायला गेलात तर काहीच बघून होत नाही. आम्ही घरीच ठरवून आलो होतो की प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची, तिच्यापुढं दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेर आल्यावर बाकीच्यांना ती सांगायची. धाकट्यासाठी वही आणि शिसपेन्सिल. शाई नाही, रंग नाहीत. रखवालदाराच्या कपाळावरची आठी तेवढ्यानंच निम्मी होते.

आत्या रविवर्म्याच्या एका बाईपुढं थांबल्या. दहाची वीस मिनिटं झाली. मला वाटलं, भारावल्या. जवळ गेले तर म्हणाल्या, "निऱ्या बघ कशा पडल्यात. ह्या बाईनं लुगडं नेसून कामाला हात लावलेला न्हाय." कुठल्याही पाटीवर हे लिहिलेलं नव्हतं. आत्यांचा जन्म संस्थान विलीन झालं त्याच वर्षीचा, त्यामुळं राजा त्यांनी पाहिला नाही. पण त्यांचे वडील मरेपर्यंत रोज सूर्यनमस्कार घालत, कारण संस्थानच्या शाळेत ते सक्तीचे होते. राजांनी सूर्यनमस्कारावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक पार विलायतेत वाचलं गेलं. आत्यांना त्याचं अप्रूप नाही. त्यांच्या डोक्यात राजा म्हणजे पहाटे बापाला अंथरुणातून उठवणारा माणूस.

थोरली हेन्री मूरच्या 'आई आणि मूल' पुढं उभी. विसाव्या शतकातला जगातला नावाजलेला इंग्रज शिल्पकार, आणि त्याचा दगड खटाव तालुक्यातल्या डोंगरावर! आई आहे, मूल आहे, पण नाकडोळे धड नाहीत. "अर्धवट राहिलंय का?" तिनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. ह्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: आईबापांनी म्युझियममध्ये गाइड होऊ नये. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "जवळ घेतलंय एवढं मात्र कळतं."

ह्यांनी काय निवडलं? दाराजवळची खुर्ची. रात्रभर मोटर चालू-बंद करून आलेला माणूस, त्याला माफ.

गडाखाली गावातही यमाईचं देऊळ आहे, त्यापुढची दीपमाळ मान मोडेपर्यंत उंच. साने गुरुजी ह्याच गावात काही काळ शिकले, गदिमाही इथंच शिकले. पंडित सातवळेकरांनी वेदांचं काम इथं बसून केलं. दरवर्षी अश्विनात गाण्याचा उत्सव भरतो, गजाननबुवा जोशींच्या घराण्यानं १९४० पासून चालवलेला. तो आमचा थोडक्यात हुकला. शेवटची गाडी धरून रहिमतपूरमार्गे साताऱ्याला, माझ्या मावसबहिणीकडे.

शनिवार, ९ नोव्हेंबर, सातारा

अजिंक्यतारा. दरवाजापर्यंत रिक्षा जाते, त्यामुळं आत्याही आल्या. सकाळी सातलाच निघा. दहानंतर वर सावली शोधावी लागते. पाणी खालूनच न्या.

किल्ल्यावर बघायला पडके वाडे, तळी, झाडोरा, आणि प्रक्षेपणाचा मनोरा. पोरांचा हिरमोड होणार हे धरून मी गोष्ट तयार ठेवली होती. १७०० साली औरंगजेबानं हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढं तो मराठ्यांकडं परत आला, ताराराणींच्या बाजूनं परशुरामपंत प्रतिनिधी तो धरून बसले. आमच्या औंधवाल्यांचे तेच मूळपुरुष. शाहू महाराज सुटून आले, किल्ला मागू लागले, पंत देईनात. तेव्हा महाराजांनी किल्ल्यावरच्या शेख मिऱ्याची बायकापोरं पकडून तोफेच्या तोंडी द्यायची धमकी दिली. मिऱ्यानं पंतांना कैद केलं आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पंत कैदेत गेले, पण पुढं प्रतिनिधिपद त्यांच्याकडं परत आलं.

"म्हणजे आपले आधी विरोधी पक्षात होते," थोरली म्हणाली. निवडणुकीचे दिवस, दुसरं काय.

तटावरून खाली अख्खं सातारा दिसतं. तिथं धाकट्यानं चप्पल हरवली. एकच. दुपार नवीन चप्पल आणि कंदी पेढे यांत गेली, तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

रविवार, १० नोव्हेंबर, सातारा ते घर

चूक माझीच. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाला सोमवारी कुलूप नको म्हणून रविवार धरला, पण तारीख ध्यानात घेतली नाही. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, आणि ती वाघनखं बघायची तर आजच, असं निम्म्या जिल्ह्याला वाटलेलं. स्टँडजवळच्या त्या इमारतीपुढं रांग वळणावळणानं पसरलेली. लहान पोरं असतील तर सणवार, रविवार आणि थोरांच्या तारखा, तिन्ही टाळा. न टाळता आल्यास एकानं रांगेत राहावं, बाकीच्यांनी सावलीत. आमच्याकडून पूर्ण तिकिटाचा माणूस रांगेत उभा राहिला.

वाघनखं जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आली, तीन वर्षांसाठी, आणि पहिला मुक्काम साताऱ्याला. 'शिवशस्त्रशौर्यगाथा' नावाच्या प्रदर्शनात बाकीच्या तलवारी, भाले, चिलखतांसोबत ती ठेवली होती. जाड काचेआड, धाकट्याच्या तळहाताएवढीच. पोरानं निराशेनं विचारलं, "एवढुशी?" पुढच्या काकांना राग आला. पण खरं सांगायचं तर मुठीत लपायचं हत्यार एवढुसंच हवं.

आदल्या रात्री थोरलीला दुसरी बाजूही सांगितली होती. सांगावी की नको, ह्यावर आमच्या दोघांत कुजबुज झाली. हे म्हणाले, लहान आहे, कशाला शंका घालायच्या. मला वाटलं, बारा वर्षांच्या मुलीला म्युझियम म्हणजे देऊळ नव्हे, हे कळायला हरकत नाही. ही वाघनखं जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून लंडनला गेली. तो १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट, १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणारा. ती मराठ्यांच्या पंतप्रधानानं, म्हणजे पेशव्यानं, ग्रँट डफला दिली, असं त्यांच्या पेटीवर इंग्रजीत कोरलंय. महाराजांनी वापरली ती हीच का, ह्याची खात्री देता येत नाही, असं खुद्द ते लंडनचं म्युझियम सांगतं. आणि त्याच पेटीवर म्हटलंय की ह्या नखांनी शिवाजीनं मुघल सरदाराला मारलं.

थोरली काचेपुढं आली, तेव्हा मागून ढकलाढकल. तिनं हात जोडले, आत्यांसारखेच. दोन पावलं पुढं गेल्यावर म्हणाली, "पण खान आदिलशाहीचा होता." चौथीच्या पुस्तकातला धडा. ह्याच साताऱ्याशी संबंध सांगणाऱ्या पेटीवर चूक आहे आणि आपल्याला ती ठाऊक आहे, ह्याचा तिला झालेला आनंद सगळ्या प्रदर्शनापेक्षा मोठा होता.

कोरेगावच्या रस्त्यावर संगम माहुलीला उतरलो. पुढची गाडी दीड तासानं, म्हणून खरं तर वेळ काढायला. कृष्णा आणि वेण्णा इथं मिळतात. विश्वेश्वराचं देऊळ १७३५ च्या सुमाराचं, श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. परशुरामपंतांचेच ते चिरंजीव, म्हणजे तिथंही औंधवाले आडवे आलेच. घाटावर राजघराण्यातल्या समाध्या, त्यांत एका कुत्र्याची. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. त्यानं वाघापासून धन्याचा जीव वाचवला असं सांगतात. चार दिवसांत धाकटा पहिल्यांदा न सांगता बसला आणि चित्र काढू लागला. यमाई, हेन्री मूर, अजिंक्यतारा, वाघनखं, सगळ्यांना मागं टाकून कुत्र्याला पूर्ण पान मिळालं. आत्यांनी नदीत पाय सोडले. कुठल्याही म्युझियमनंतर पाण्याकाठी एक तास ठेवा, एवढं सांगते.

वडूजच्या पुढं गाडीत दिवे लागले. थोरलीनं वही काढली. दिल्लीची यादी तशीच होती, खोडली नव्हती. तिच्याखाली लिहिलेलं: लंडनच्या म्युझियमला कळवणे, अफजलखान मुघल नव्हता.

"पप्पा, लंडनला पत्र पाठवायला तिकीट किती लागतं?"

ह्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "पूर्ण. तिथं आपलं हाफ चालत न्हाय."