खाऊच्या पैशांतला फुटबॉल

मेस्सीचं २००४-०५ च्या मोसमातलं पानिनीचं कार्ड लिलावात भलत्याच किमतीला जातं. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद, बोटही लागू द्यायचं नाही. मला ओढ आहे ती टॉप्स कंपनीच्या ‘मॅच अटॅक्स’ कार्डांच्या पाकिटांची, पोरांना खाऊच्या पैशांत परवडणारी. त्यात चमचमता तारा क्वचितच निघतो. निघायचा तो तेव्हा बर्नलीकडून खेळणारा बचावपटू टार्कोव्स्की: कार्डावर आक्रमणाचा आकडा बेताचा, बचावाचा भरभक्कम. असे गुणतक्त्याच्या मध्यावरच्या संघांचे राबणारे खेळाडू मला या कार्डांनीच ओळखीचे करून दिले. टीव्हीवर सामना बघताना आता माझी नजर आधी बचावफळीकडे जाते. आणि डबल आलेली कार्डं? ती तर सगळ्यात मोलाची, कारण त्यांच्यापायी अदलाबदल होते, गप्पा रंगतात. भाच्याला एक गोलरक्षक हवाय, माझ्याकडे दोन आहेत. रविवारी बसू.