हातउसने

'उसने' हा शब्द आम्हांस नेहमीच सोज्ज्वळ वाटत आला आहे. शेजारून आणलेली वाटीभर साखर उसनी असते. तिला कोणी कर्ज म्हणत नाही. दाव्याच्या मसुद्यात वकिलांनी 'हातउसनी दिलेली रक्कम' असे लिहिले, तेव्हा हा घरगुती शब्द न्यायालयातही रुळलेला आहे हे आम्हांस कळले.

रक्कम अवघी ९,००० रुपयांची. ऑगस्ट २०२२ मध्ये, ज्याच्यासोबत तेव्हा आमचे घर होते, त्याला ती बँकेमार्फत दिली. लेखी काही केले नाही. पुढे घर मोडले आणि आमच्या विचारणेला उत्तर आले, की ते उसने नव्हतेच, ती भेट होती. पैसे बुडाले असते तर सोसले असते. घडलेल्या गोष्टीचा हा नवा पाठ मात्र सोसेना. अशा दाव्याला रक्कम दिल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही मुंबईच्या लघुवाद न्यायालयाची पायरी चढलो.

साहित्य शिकवणाऱ्यास पुराव्याचे भय नसावे, असा आमचा समज होता. तो लवकरच फिटला. बँकेचा उतारा पैसे गेल्याचे सांगतो, का गेले ते सांगत नाही. आणि ते उसने होते हे शाबीत करण्याचा भार वादीवर. मोबाइलमधील संदेश दाखल करायचे, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे ते कोणत्या यंत्रातून व कसे काढले याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. पाठचिकित्सा आम्ही वर्गात शिकवतो. इतकी काटेकोर ती कधी केली नव्हती.

खरी अडचण केली ती आमच्याच एका वाक्याने. प्रतिवादीने कैफियतीसोबत आमचा जुना संदेश जोडला होता: 'परत कसले देतोस? आपलेच आहेत.' उलटतपासात प्रश्न आला, 'आपले म्हणजे कोणाचे?' मराठीतले 'आम्ही' ऐकणाऱ्यास वगळते आणि 'आपण' त्यास सामावून घेते, हा भेद आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तेथे हवे होते फक्त होय किंवा नाही. वाक्य खोटे म्हणावे, तर आम्हीही त्याच्यासारखाच जुना पाठ खोडत होतो. खरे म्हणावे, तर दावा हातचा जात होता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात 'आम्ही' चालत नाही. उत्तर दिले, 'वाक्य माझेच आहे. लिहिले तेव्हा खरे होते.'

तारले ते त्याच्या लेखनाने. २०२३ मध्ये त्याने दोनदा हजार-हजार रुपये पाठवले होते आणि दुसऱ्या वेळी शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: 'उसने'. भेट कोणी हप्त्याने परत करीत नाही, असे निकालात नमूद झाले. आमच्या संदेशात न्यायालयास माया दिसली, देण्याची माफी दिसली नाही. उरलेल्या ७,००० रुपयांचा हुकूमनामा झाला.

पैसे अद्याप आलेले नाहीत. वसुलीसाठी दरखास्त द्यावी लागते. तिला १२ वर्षांची मुदत आहे. कोणी न मागता त्याने एकदा तो शब्द स्वतःहून लिहिला होता. तेवढ्यावर थांबावे की दरखास्त द्यावी, हे आमचे अजून ठरलेले नाही.