पटाचारेला वस्त्र देणारा माणूस

थेरीगाथेतील पटाचारेची कथा आम्ही पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ एकापाठोपाठ गमावल्यावर ती श्रावस्तीच्या रस्त्यांवर विवस्त्र भटकू लागली. लोकांनी तिला वेडी म्हणून हुसकावले. जेतवनातही तिला अडवू पाहिले. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, भानावर आणले. एका माणसाने स्वतःचे उत्तरीय तिला दिले. पुढे हीच पटाचारा विनयधर भिक्षुणींमध्ये अग्रगण्य ठरली.

एवढे शिकवूनही एके वर्षी आम्ही चुकलो. वसतिगृहातील नववीचा एक मुलगा जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला. आम्ही त्याला कामचुकार ठरवले. मुले त्याला 'मेंटल' म्हणत. ते आमच्या कानांवर येत होते, पण आम्ही कोणाला रोखले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला नाही. आम्ही घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि मुलाच्या दंडावर देवऋष्याचा ताईत. आई खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, डॉक्टरकडं नेलं असतं तर लोक वेड्याचं घर म्हणाले असते. बाहेरचं म्हटलं की कुणी नाव ठेवत नाही."

बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरात ताईत शिरला तो श्रद्धेमुळे नव्हे, लाजेमुळे. आणि ती लाज पोसण्यात आमचाही वाटा होता. एका शब्दाने माणूस वाळीत कसा पडतो, हे आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको होते.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस कायद्याची भाषाही बोलकी वाटते. 1858 आणि 1912 च्या इंग्रजी अमदानीतील कायद्यांच्या नावांतच 'वेड' होते. 2017 च्या कायद्याच्या नावात 'मानसिक आरोग्य सेवा' आहे. या कायद्याने उपचार आणि सन्मानाने जगणे हा रुग्णाचा हक्क मानला. शासनाची 14416 ही मोफत दूरध्वनी सेवाही आता उपलब्ध आहे. परंतु फोन उचलण्याआधी लाज ओलांडावी लागते, आणि तेथे कायदा एकटा पुरत नाही.

त्या मुलावर पुढे जिल्हा रुग्णालयात उपचार झाले. तो बरा झाला, पण दहावी दुसऱ्या शाळेतून उत्तीर्ण झाला. म्हणून या स्मरणिकेतील गुणवंतांच्या यादीत त्याचे नाव नाही. आता वसतिगृहातील एखादा मुलगा गप्प झाला, तर आम्ही हजेरीपट बाजूला ठेवून प्रथम त्याच्याजवळ बसतो. उत्तरीय देणाऱ्या त्या माणसाचे नाव कथेने जपले नाही. त्याचे काम मात्र आपल्यापैकी कोणालाही करता येईल.