संभाजीनगर ते नागपूर : आकाशातले चारशे किलोमीटर

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील चिकलठाणा विमानतळ आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ यांच्यातले सरळ अंतर साधारण ४०० किलोमीटर आहे. आमच्या वस्तीतील वयोवृद्ध उपासिकांना दीक्षाभूमीवर नेण्याचा विषय निघाला की तरुण पोरे म्हणतात, "विमानाने तासाभरात पोहोचतो, आजीला रात्रभर कशाला हाल?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पडलो कारकून. म्हणून हिशेबच मांडला.

पंख्यांचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला तर ४८ मिनिटे येतात. पण चढायला, उतरायला वेळ लागतो आणि विमान काही फुटपट्टीने आखलेल्या रेषेवरून जात नाही. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जाऊन थांबेपर्यंतची असते. म्हणून सव्वा तास धरावा. त्यात घरून विमानतळापर्यंत अर्धा तास, तेथे दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामानासाठी अर्धा तास आणि दीक्षाभूमीपर्यंत आणखी अर्धा तास. बेरीज पावणेपाच तास!

समृद्धी महामार्गाने हेच अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर, मोटारीने पाच-सहा तास. म्हणजे विमानाने वाचला तो फार तर तासभर.

हे झाले थेट विमान असेल तर. या मार्गावरील विमाने कधी सुरू होतात, कधी बंद पडतात. थेट विमान नसले तर आधी पश्चिमेला मुंबई गाठायची आणि तिथून पुन्हा पूर्वेला नागपूर. आकाशातले ४०० किलोमीटर मग साडेनऊशेच्या पुढे जातात. रेल्वेचेही तसेच. मनमाडला उलटे जाऊन नागपूर गाठायचे तर ६९० किलोमीटर होतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात आणि नागपूर मध्य प्रांतात होते, तेव्हा ही दोन शहरे जोडण्याची गरज कोणाला वाटणार? १९५६ साली राज्य एक झाले, रूळ मात्र जुन्याच वळणाने राहिले.

तरीही विमान वाया आहे असे आमचे म्हणणे नाही. गुडघे धरलेल्या माणसाला सलग सहा तास बसणे आणि सव्वा तास बसणे यात फार फरक आहे. विमानतळावर स्वच्छतागृह असते. चाकांची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. अशा एका आजीसाठी घरच्यांनी वर्गणी काढून तिकीट घेतले, तर तो पैसा चैनीचा नव्हे. धडधाकट मंडळींनी मात्र दिवसाची गाडी करावी. रात्रीचा प्रवास स्वस्त वाटतो, पण १ जुलै २०२३ च्या रात्री याच समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जीव गेले, हे विसरता येत नाही.

तिकीट काढताना अंतर विचारू नका, "थेट आहे का?" एवढेच आधी विचारा. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास जायचे असेल तर चौकशी महिनाभर आधी करा. मागणी वाढली की भाडेही वाढते.