आठवण राखणारा सेल

जुन्या दप्तराला कसर लागते, हे मोडी वाचणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. १९८०च्या दशकातील इलेक्ट्रॉनिक वाद्यांनाही अशीच एक कसर लागते. फरक इतकाच की ती बाहेरून येत नाही. कारखान्यानेच ती आत बसवलेली असते. आजचा धागा तिच्याविषयी.

१९७० साली बाजारात आलेल्या मिनीमूग सिंथेसायझरला स्मृती नव्हती. मनाजोगता नाद जुळला की प्रत्येक नॉब कोठे आहे, हे वादक कागदी तक्त्यावर टिपून ठेवीत. १९७८ साली कॅलिफोर्नियात डेव्ह स्मिथ यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे प्रॉफेट-५ आले. त्यात मायक्रोप्रोसेसर होता; जुळवलेले नाद वाद्य स्वतःच लक्षात ठेवू लागले. १९८१ साली जपानच्या कॉर्ग कंपनीने हीच सोय पुष्कळ कमी किमतीत दिली. त्या वाद्याचे नाव पॉलीसिक्स. एका वेळी सहा स्वर, आणि स्मृतीत ३२ नाद.

मात्र ही स्मृती विजेवर जगणारी होती. वाद्य बंद असताना ती टिकावी म्हणून मुख्य सर्किट बोर्डावर निकेल-कॅडमियमचा पुन्हा भारित होणारा सेल सोल्डर करून बसवलेला असे. वाद्य वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिले की हा सेल फुटतो. त्यातील क्षार तांब्याच्या बारीक रेषांवरून हळूहळू सरकतो आणि हिरवट बुरशीसारखा थर मागे ठेवून रेषाच खाऊन टाकतो. कळा वाचणारी यंत्रणाही त्याच बोर्डावर. त्यामुळे आठवणीबरोबर वाचाही जाते. सेल कडेला, वेगळ्या कप्प्यात बसवला असता तर कितीतरी वाद्ये वाचली असती. पण चाळीस वर्षांनंतरचा विचार कोणता कारखाना करतो?

दुरुस्तीची रीत सांगायला सोपी आहे. प्रथम वीजपुरवठ्याचे व्होल्टेज मोजायचे. मग सेल काढायचा, सांडलेला क्षार सौम्य व्हिनेगरने मारायचा, बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचा. त्यानंतर मल्टीमीटर घेऊन एकेक रेष तपासायची आणि तुटली असेल तेथे बारीक तार जोडायची. जुन्या सेलच्या जागी लिथियमचा बसवायचा तर वाटेत डायोड हवाच. लिथियमचा साधा सेल भारित करू पाहणे धोक्याचे असते.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला खटकावी अशी गोष्ट दुसऱ्याच पायरीवर आहे. सेल काढला की स्मृती पुसली जाते. त्या ३२ जागांत काही कारखान्याचे नाद असतील, काही एखाद्या अनाम वादकाने रात्री जागून जुळवलेले. ते दुसरीकडे कोठेही नोंदलेले नसतात. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी याच पिढीतील रोलँडची यंत्रे घेऊन राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. ती ध्वनिमुद्रिका आज ऐकता येते. नाद जुळवताना नॉब कोठे होता, हे मात्र ध्वनिमुद्रिका सांगत नाही. ते यंत्राच्या स्मृतीतच असते, किंवा कागदावर.

पॉलीसिक्सला कॅसेटवर स्मृती उतरवण्याची सोय आहे. म्हणून जाणता कारागीर सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी वाद्य चालू होते का, हे पाहतो आणि होत असेल तर आधी ते ३२ नाद उतरवून घेतो. बोर्ड बोलतच नसेल तेव्हा पेच पडतो. सेल ठेवावा तर क्षार पुढे सरकतो, काढावा तर उरलेसुरले जाते. अशा वेळी बहुतेकजण सेल काढतात, आणि ते योग्यच आहे. रेषा उरल्या तर निदान वाद्य उरते.

अलीकडे संपूर्ण नवे बोर्डही मिळतात. ते बसवले की पॉलीसिक्स पुन्हा वाजू लागते, बहुधा पूर्वीपेक्षा बिनतक्रार. काढलेला बोर्ड मात्र भंगारात जाऊ नये. धुऊन, वाळवून, कोणत्या वाद्यातून आणि कोणत्या तारखेला काढला याची चिठ्ठी लावून तो त्याच वाद्याच्या पेटीत ठेवावा. हिरवी पडलेली रेषसुद्धा पुरावाच आहे.