कर्त्याच्या माघारी

खेळ खेळणे सोपे असते. नवा खेळ रचणे कठीण असते. आणि आपण रचलेला खेळ परक्याच्या हाती सोपवून त्यातील वैगुण्ये निमूटपणे पाहत बसणे, हे तर त्याहूनही कठीण असते.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. या खेळाला पट लागतोच असे नाही. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरतही नाही. मेजाभोवती चारसहा जण जमतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. काळोखी भुयारे, त्यांत दबा धरून बसलेले राक्षस आणि दडविलेली धनदौलत यांचे तो वर्णन करतो. इतरांपैकी कोणी योद्ध्याची भूमिका घेतो, कोणी मांत्रिकाची. आणि आपले पात्र आता काय करणार, हे जो तो बोलून सांगतो. तलवारीचा घाव बसला की हुकला, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे त्याचा निर्णय फाशावर सोपविला जातो. बाकी सारा कारभार कल्पनाशक्तीचा!

डेव्ह आर्नेसन हे १९७१ च्या सुमारास मिनेसोटा राज्यात आपल्या मित्रांना जमवून असा एक खेळ खेळवीत असत. प्रारंभी एका घावातच पात्राचा अंत होई. राक्षस एका घावात मेला, तर खेळाडूंना आनंदच वाटे. परंतु जिवापाड जपलेले आपले पात्र तसेच मेले, की ते हिरमुसत. आर्नेसन यांनी ती नाराजी हेरली. प्रत्येक पात्रास प्राणशक्तीचे काही अंक द्यावेत आणि घावागणिक ते उणे करावेत, असा नियम त्यांनी घातला. खेळाडूंच्या उतरलेल्या चेहऱ्यांतूनच तो नियम जन्मास आला, असे म्हटले तरी चालेल.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी जाऊन आपला खेळ गॅरी गायगॅक्स यांना दाखविला. गायगॅक्स यांची विमा व्यवसायातील नोकरी १९७० साली सुटली होती. पाच मुलांच्या संसारासाठी ते पादत्राणे दुरुस्त करीत. अशा ओढगस्तीतही त्यांनी नियमांचा सुमारे ५० पानांचा आराखडा सिद्ध केला. त्याचे पहिले परीक्षक म्हणजे त्यांचीच दोन मुले, एर्नी आणि एलीस. गायगॅक्स यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, मुलांना भुयारात तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक पेटी गवसली. पण नाणी इतकी जड, की सारे धन उचलून नेता येईना! मुले खट्टू होऊन निजावयास गेली, आणि पित्याने भुयाराचा पुढचा मजला आखावयास घेतला. मागोमाग मित्रमंडळी खेळू लागली, दूरच्या खेळाडूंकडे प्रती गेल्या, सूचना आल्या, आणि आराखडा सुमारे १५० पानांपर्यंत वाढला. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा संच १० डॉलर किमतीस प्रसिद्ध झाला. प्रती होत्या अवघ्या १,०००. पण वर्षाच्या आतच त्या संपल्या.

एवढी कसोटी होऊनही एक उणीव राहिलीच. घरच्या मेजावर एखादी शंका निघाली, तर तिचे निरसन करावयास खेळाचा कर्ता समोर बसलेला असे. पुस्तिका विकत घेणाऱ्या अनोळखी खेळाडूंना ही सोय कोठून असणार? अनेक नियम त्यांना उलगडेनात. मग ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावला, आणि एकच खेळ ठिकठिकाणी निरनिराळ्या रीतीने खेळला जाऊ लागला. अखेर जे. एरिक होम्स या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी नवख्यांसाठी नियमांची सुबोध मांडणी करून दिली. ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. ते खेळाच्या निर्मात्यांपैकी नव्हते. म्हणूनच नवखा कोठे अडखळेल, हे त्यांना दिसू शकले.

आज नवे खेळ रचणारे लोक ही गोष्ट जाणून असतात. कर्त्याशी ज्यांची ओळखदेख नाही अशांच्या हाती ते केवळ लिखित नियम देतात. स्वतः हजर राहिलेच, तर तोंडातून अक्षर काढीत नाहीत. याच खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली. तत्पूर्वी, २०१२ पासून, तिचे कच्चे नियम सर्वांसाठी खुले करण्यात आले होते आणि पावणेदोन लाखांहून अधिक लोकांनी त्या परीक्षणात भाग घेतला, असे प्रकाशकांनी सांगितले होते.

लेखनाचेही याहून निराळे नाही. पत्र पोचते, तेव्हा ते लिहिणारा सोबत जात नाही. निबंध वाचला जातो, तेव्हा निबंधकार शेजारी उभा नसतो. ‘मला असे म्हणावयाचे होते’ हे सांगण्याची संधी त्याला मिळत नाही. यास्तव आपले लिखाण प्रथम दुसऱ्याच्या हाती द्यावे, आपण गप्प राहावे, आणि वाचणारा कोठे थबकतो ते लक्षपूर्वक पाहावे. जेथे तो थबकेल, तेथेच पुन्हा लेखणी चालवावयाची असते.