गडचिरोलीचा म्हटले की...

चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड करीत एस. टी. निघाली की वैनगंगेच्या पुलावर जिल्हा बदलतो. 26 ऑगस्ट 1982 पूर्वी तो बदलत नव्हता. अलीकडचे-पलीकडचे सारे एकच चंद्रपूर होते. पुलावर आणखी एक गोष्ट बदलते, ती म्हणजे ऐकणाऱ्याची नजर. 'गडचिरोलीचा' म्हटले की समोरच्याच्या डोक्यात जंगल, बंदूक आणि दारू एवढे उभे राहते. सरकारी नोकरांत तर 'गडचिरोलीला पाठवीन' ही धमकीच आहे. जिथे लाखो माणसे संसार करतात, ती जागा बाकीच्यांना शिक्षेची वाटते!

ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा कार्यक्रम आटोपून आम्ही दोन कुटुंबे या बाजूला निघालो. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, चंद्रपुरात दीक्षा दिली, त्यामुळे पाहुण्यांची तिथे नेहमीच गर्दी. यंदा पाहुण्यांत आमचा भाचा होता. मूळचा गडचिरोलीचा, आता पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्या गटात बंगलोरची, अमेरिकेची आणि जर्मनीची माणसे आहेत. सगळे संगणकाच्या पडद्यावर भेटतात.

पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने गाव सांगायचे होते. याने सांगितले. पुण्याचाच एक सहकारी हसून म्हणाला, "म्हणजे नक्षलवाला!" गोऱ्या साहेबाने अर्थ विचारला, तो त्याला इंग्रजीत समजावला गेला. तेव्हापासून ते नावच पडले. पुढे ग्राहकांशी बोलायचे काम निघाले की ते दुसऱ्याकडे जाई. याचे उच्चार बरोबर नाहीत असे कारण. उच्चार तर जर्मन साहेबाचेही इंग्रजांसारखे नव्हते, पण ते कोणाला खटकत नव्हते. भाच्याचे म्हणणे असे की यात कोणी त्याचे वाईट चिंतीत नव्हते. आम्हाला वाटते, तीच तर अडचण आहे. शिवी देणाऱ्याला जाब विचारता येतो. पण मनात आधीच चिकटलेली चिठ्ठी वाचून काम वाटणाऱ्याला आपण काही वाचतो आहोत हेही ठाऊक नसते.

वाचकहो, चिठ्ठी आडनावाचीही असते, हे आपल्याला सांगायला नको. ती समुद्र ओलांडून जाते. जून 2020 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को या मोठ्या कंपनीवर दावा लावला. तक्रार एका दलित इंजिनिअरची. आय. आय. टी.त राखीव जागेवरून आला, ही गोष्ट वरिष्ठाने सहकाऱ्यांत सांगितली आणि पुढे कामात त्याला डावलले, असा आरोप. डावलणारे म्हणून ज्यांची नावे आली ते दोघेही भारतीयच होते. कंपनीने आरोप नाकारले. 2023 मध्ये खात्याने त्या दोघांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर.

आता गडचिरोलीकडे. धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे. इथला दवाखाना मोठ्या इमारतीत नाही, आदिवासी पाड्यासारखा झोपड्या-झोपड्यांत आहे. 'आदिवासी दवाखान्यात येत नाहीत, अंधश्रद्धाळू आहेत' असे शिकलेली माणसे म्हणत. इथे त्यांनाच विचारले गेले. उत्तर साधे निघाले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाईकांना बाहेर काढतात, आणि डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात. पांढरे तर आम्ही मेलेल्याला गुंडाळतो! मग दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले आणि नातेवाईकांना रोग्याजवळ जागा मिळाली.

याच परिसरातली दुसरी हकीकत त्याहून मोठी. तान्ह्या बाळाचा जंतुदोष खेड्यातली थोडे शिकलेली बाई ओळखेल आणि इंजेक्शन देईल, हे तज्ज्ञांना पटण्यासारखे नव्हते. 1995 ते 1998 या काळात 39 गावांत अशा बायांनी ते करून दाखविले. हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळे 62 होती, ती 25 च्या आसपास आली. 1999 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात हे छापून आले. पुढे आशाताईंच्या घरभेटींत हीच पद्धत देशभर आली. आपल्या वस्तीतल्या आशाताई बाळाला तोलायला घरी येतात, तेव्हा तिचे मूळ या जंगलात आहे हे मुलांना जरूर सांगावे.

आणि दारूचे म्हणाल तर ज्या जिल्ह्याला लोक दारूचा म्हणतात, तिथल्याच लोकांनी चळवळ करून 1993 पासून दारूबंदी आणविली. बंदी किती पाळली जाते हा वेगळा वाद. पण मागणारे कोण होते हे कोणी लक्षात ठेवीत नाही. मोहफुलेसुद्धा इथे पोटात जातात ती आधी अन्न म्हणून.

पुढे धानोऱ्याच्या अलीकडे लेखा-मेंढा. लहानसे गोंड गाव. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने वनखात्याऐवजी ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. आम्हाला विशेष वाटली ती निर्णयाची रीत. बहुमत चालत नाही, सर्वांचे एकमत व्हावे लागते. एखादा गप्प बसला तर त्याला कळत नाही असे धरीत नाहीत. त्याचे म्हणणे यायचे आहे असे धरतात आणि विषय पुढच्या बैठकीला ठेवतात. भाचा हे ऐकून बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे जो आधी बोलला तो हुशार. मी वाक्य जुळवेपर्यंत बैठक संपलेली असते."

जाणाऱ्यांसाठी थोडे: गडचिरोलीहून धानोऱ्याला गाड्या आहेत, पण परतीची वेळ आधी विचारून ठेवावी. मुक्काम करायचा तर मच्छरदाणी हवीच, हिवतापाचा भाग आहे. ग्रामसभेला न विचारता घराघरांत शिरून फोटो काढू नयेत.

परतीच्या गाडीत एक म्हातारे गोंड गृहस्थ शेजारी बसले. "कोण्या गावचे जी?" असे विचारून त्यांनी भाच्याचे काम समजून घेतले. जर्मनीतले साहेब रोज पडद्यावर दिसतात याचे त्यांना फार कौतुक वाटले.

"त्यायनं तुमचं गाव पायलं काय?"

"नाही."

"अन् तुमी त्यायचं?"

भाचा तीन आठवडे जर्मनीला जाऊन आलेला आहे. त्याने हॉटेल ते ऑफिस आणि ऑफिस ते हॉटेल एवढे सांगितले. म्हातारबा हसले. चातगाव आले तसे पिशवी उचलून उतरून गेले. आम्ही गडचिरोलीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि चंद्रपूरची गाडी उभीच होती.